जमीन विकून भावाचं कर्ज फेडावं का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापणारं संगणकीय मशीन) ऑपरेटर, हातात पगार साधारण २२,०००. तीन वर्षांपासून रोज पितो. देणं असं: पतसंस्थेचे २ लाख, बायकोच्या दागिन्यांवर सोनेतारण १ लाख २० हजार, तिच्याच नावावर महिला गटाचे ६० हजार, मोबाईलवरच्या दोन ॲपचे मिळून ४५ हजार, गावातल्या खाजगी सावकाराचे ८० हजार महिना १० टक्क्यांनी, आणि मित्रांचे हातउसने पन्नासेक हजार. एकूण साडेपाच लाखांच्या वर. वडील म्हणतात, दहा गुंठे विकू आणि पोराला एकदाचा मोकळा करू. भाऊ म्हणतो, टेन्शन गेलं की दारू आपोआप सुटेल. भावजय म्हणते, आधी दारू सोड, मग पैशाचं बोलू. तुम्ही विचारताय, कुणाचं ऐकू?

माझं मत आधीच सांगतो. जमीन आत्ता विकू नका. पण भावजय म्हणते तसं कर्ज बाजूला ठेवूनही चालणार नाही. दोन्हीला एकाच आठवड्यात हात घालायचा. फक्त दारूवरचा उपचार जोरात आणि कर्जफेड सावकाश, असा वेग ठेवायचा.

मी सुरुवातीची बरीच वर्षं एका पतसंस्थेच्या वसुली विभागात होतो. नंतर समाजकार्याचं शिक्षण घेऊन व्यसनमुक्तीच्या कामात आलो. म्हणजे हीच माणसं आधी थकबाकीदार म्हणून पाहिली आणि नंतर पेशंट म्हणून. मी डॉक्टर किंवा वकील नाही, त्यामुळे औषधाचं आणि कोर्टाचं शेवटचं वाक्य त्यांचं.

जमीन विकू नका असं का म्हणतो? कर्ज एका फटक्यात फिटलं की माणसाची पत परत येते. दारू तोवर सुटलेली नसते. पतसंस्था नवा अर्ज घेते, ॲप पुन्हा लिमिट दाखवतं, सावकार स्वतःहून विचारतो, "भावा, काय लागलं तर सांग." वसुलीत असताना घरच्यांनी शेत किंवा प्लॉट विकून खातं निल केलेली माणसं वर्षा-दीड वर्षात पुन्हा आमच्याच काउंटरवर उभी दिसायची. या वेळी तारण ठेवायला घरात काही उरलेलं नसायचं. तेव्हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न "जमीन विकावी का" एवढाच नाही. भावाच्या हातात पुन्हा उधारीची पत कधी आणि कशी येऊ द्यायची, हा आहे.

आता जरा हिशेब करू, कारण घरात या हिशेबावरूनच भांडणं होतात. तुम्ही लिहिलंय की तो रोज देशीच्या दोन क्वार्टर घेतो. २०२५ च्या दरवाढीनंतर देशीची १८० मिलीची बाटली किमान ८० रुपयांना आहे. दोन धरल्या तर दिवसाला १६०, महिन्याला ४,८००. तीन वर्षं आजच्याच दराने धरली तरी पावणेदोन लाखांच्या आत. मग साडेपाच लाख कुठून झाले? वडिलांना वाटतं पोरगं काहीतरी लपवतंय, भाऊ म्हणतो मी एवढं पितच नाही, आणि दोघंही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर असतात.

उरलेले पैसे बाटलीत गेलेले नसतात, बाटलीच्या आजूबाजूला गेलेले असतात. सोमवारचे खाडे, त्यामुळे बुडालेला हजेरी बोनस, सुपरवायझरने बंद केलेला ओव्हरटाईम. ऑपरेटरच्या घरात ओव्हरटाईमवरच दूध-किराणा चालतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग रात्री गाडी घसरून झालेला दवाखाना, हरवलेला मोबाईल, बारमध्ये चार जणांचं बिल आपण देणं. आणि या सगळ्यावर व्याज. सावकाराचं ८० हजारांवर १० टक्के म्हणजे महिन्याला ८,००० नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. पतसंस्थेचा हप्ता साडेसहा हजार, गटाचे साडेतीन, सोनेतारणाचं व्याज बाराशे आणि ॲपचे पाच हजार धरले तर महिन्याचा आकडा २४ हजारांच्या पुढे जातो. हे माझे अंदाज आहेत, तुमचे आकडे थोडे वेगळे असतील. पण पगार २२ हजार. म्हणजे त्याने आज दारू पूर्ण सोडली तरी महिना तुटतोच. "आधी दारू सोड, मग बघू" हे म्हणूनच चालत नाही. दारू सोडलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात दिसतं की एवढं करूनही काही फरक पडला नाही, आणि तिथेच तो घसरतो.

उलट बाजूनेही बघा. भाऊ "टेन्शनमुळे पितो" म्हणतो ते सगळंच थाप नसतं. संध्याकाळी शिफ्ट सुटली, मोबाईल चालू केला की फोन सुरू. घरी गेलं की बायकोचा चेहरा. दोन पेग घेतले की तासाभरात झोप लागते, हे खरं. पण रक्तातली दारू उतरायला लागली की इतका वेळ दाबून ठेवलेली मज्जासंस्था उसळी मारते. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधड, अंगाला घाम, आणि डोक्यात तोच सावकार, संध्याकाळपेक्षा दुप्पट मोठा झालेला. सकाळी हात थरथरतात म्हणून थोडी घ्यावी लागते, कारण व्हीएमसीवर टूल सेट करायला हात स्थिर लागतो. ज्या काळजीवर औषध म्हणून दारू घेतली, तीच काळजी दारू रोज पहाटे वाढवून परत देते. हे त्याला समजावून सांगा, पण रात्री नाही. सकाळी, चहा घेताना.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कर्ज आणि मानसिक आजार यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. विनातारण कर्ज असलेल्यांत नैराश्य, आत्महत्या आणि दारूची समस्या या तिन्हींचं प्रमाण जास्त दिसलं. पण बरेचसे अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीवर उभे होते, त्यामुळे कशातून काय झालं हे त्यावरून ठरत नाही. माझा अनुभव असा की तीन वर्षं झालेल्या घरात "आधी काय झालं" या वादातून हाती काही लागत नाही. दोन्ही एकमेकांना पोसत असतात.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पहिली, सकाळी उठल्या उठल्या लागते का, आणि एखादा दिवस चुकला तर हात थरथरणं, घाम, उलटी होते का? होत असेल तर शरीराला दारूची सवय लागलेली आहे आणि उपचाराचा मार्ग वेगळा. दुसरी, मटका किंवा मोबाईलवरची रमी आहे का? ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने बंदी आली, पण ज्याला नाद आहे तो वाट शोधतो. जुगार असेल तर खालचं पैशांचं नियोजन आणखी घट्ट करावं लागेल. तिसरी, घरात मारहाण होते का? होत असेल तर भावजय आणि मुलांची सुरक्षितता सगळ्यात आधी. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह हवेत, आणि गरज पडली तर तिने माहेरी जाण्याला कुणी "संसार मोडला" म्हणू नये.

आता दारूचं. घरात फर्मान काढू नका की उद्यापासून बंद. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर ६ ते २४ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. आपल्याकडे लोक त्याला बाहेरचं काहीतरी समजून देवऋषाकडे नेतात. हा जिवावर बेतणारा आजार आहे आणि तो औषधांनी टाळता येतो. बाळूमामाची शपथ किंवा गळ्यात माळ यांना माझा विरोध नाही, उलट त्यावर टिकलेली माणसं मी पाहिली आहेत. फक्त शपथ डॉक्टरांनी शरीर सांभाळल्यानंतर घ्यावी. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे किंवा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांकडे दाखवा. पहिल्या दिवसांत थरथर आणि फिट आवरणारी गोळी, सोबत बी-१ जीवनसत्त्व, आणि पुढे ओढ कमी करणारी औषधं असा तो क्रम असतो. ॲडमिट करायचं की घरी औषधावर ठेवायचं हे ते ठरवतील. पूर्वी फिट आली असेल, कावीळ झाली असेल तर न विसरता सांगा.

एक सावधगिरी. "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशा पुड्या मिळतात. त्यात डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना दारू घेतली तर तोंड लाल होणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होतं, आणि हृदय कमकुवत असेल तर माणूस दगावू शकतो. हे औषध चांगलं आहे, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आमटीत मिसळून अजिबात नाही.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. बाकीचे ३७ बहुतेक "उद्यापासून सोडतो" वरच असतात. तुमचा भाऊ त्या एकात येण्याचं निम्मं काम तुम्ही त्याच्याबरोबर केसपेपर काढायला रांगेत उभं राहण्यात आहे.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला घरचे घाबरतात. कर्ज, दारू आणि अपमान एकत्र आले की जिवाचा धोका वाढतो. त्याला सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का कधी?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट बरेच जण सुटल्यासारखे बोलायला लागतात. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६ आहे. शेतकरी घर आहे म्हणून सांगतो, तणनाशक आणि कीटकनाशकं आजच कुलपात टाका किंवा शेजारच्यांकडे ठेवायला द्या. ही कटकट वाटेल, पण करा.

आता वही. उपचार सुरू होऊन चार-पाच दिवस झाले, डोकं जाग्यावर आलं की सकाळी दोघंच बसा. वडील नकोत, बायकोही पहिल्या बैठकीला नको. एका पानाला एक देणं: कुणाचं, मुद्दल किती, आजवर किती दिलं, तारण काय, जामीन कोण, कोरा चेक दिलाय का, स्टँपवर सही केलीय का. त्याने आत्ता सांगितलेला साडेपाचचा आकडा शेवटचा धरू नका. पहिल्यांदा सांगितलेला आकडा पुरा निघालेला मला तरी आठवत नाही. हे पैसे लपवण्यापेक्षा लाज लपवणं जास्त असतं. आणखी एखादं देणं निघालं तर आवाज चढवायचा नाही, नवं पान घ्यायचं. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, त्यात ऑटो डेबिट दिसतील. क्रेडिट रिपोर्ट सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढा. छोट्या पतसंस्था आणि सावकार त्यात सापडणार नाहीत, पण ॲप आणि फायनान्स कंपन्या बऱ्याचशा सापडतील.

कुणाला आधी द्यायचं? जो सगळ्यात जास्त ओरडतो त्याला आधी, असंच बहुतेक घरांत चालतं. मी क्रम लावतो तो नुकसानावर.

सावकारापासून सुरू करू, कारण तुमचा महिना तिथेच फुटतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं, आणि व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त रक्कम वसूल करता येत नाही. आता तुलना करा. ८० हजारांवर १८ टक्के म्हणजे महिन्याला १,२००. तुमचा भाऊ देतोय ८,०००. दहा महिने दिले असतील तर व्याजापोटीच मुद्दलाएवढी रक्कम गेली. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार तालुक्याला सहायक निबंधकांकडे आणि जिल्ह्याला सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

पण लगेच तक्रार करा असं मी सगळ्यांना सांगत नाही. गावात रोज तोंड बघायचं असतं, सावकार कुणाचा माणूस आहे हेही बघावं लागतं. मी सहसा आधी पुरावा गोळा करायला सांगतो: फोनपे-गुगलपेच्या नोंदी, चेकचे नंबर, मेसेज. मग गावातला एखादा वजनदार आणि दोघांना मान्य माणूस मध्ये घालून "मुद्दलातलं एवढं उरलंय, ते इतक्या हप्त्यांत बँकेतून देतो, चेक आणि स्टँप परत" एवढंच बोलायचं. कायदा माहीत आहे हे कळलं की निम्म्या वेळा तिथेच मिटतं. धमकी आली तर मात्र थांबू नका, पोलीस आणि निबंधक दोन्हीकडे लेखी द्या. कोरा चेक त्याने वटवायला टाकला आणि परत गेला, तर बँकेची स्लिप मिळाल्यापासून ३० दिवसांत तो नोटीस पाठवू शकतो, आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस तुमच्याकडे असतात. ती नोटीस फ्रिजवर ठेवून विसरू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळू शकतो, नंबर १५१००. महिलांना ही मदत उत्पन्न न बघता मिळते, त्यामुळे भावजयीच्या नावाने काही आलं तर तिथेच जा.

पतसंस्थेचं दुसऱ्या नंबरला ठेवतो, रकमेमुळे नाही, जामीनदारांमुळे. त्यातला एक कंपनीतलाच सहकारी आहे असं तुम्ही लिहिलंय. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला आणि त्या बिचाऱ्याच्या पगाराला हात लागला, की शॉप फ्लोअरवर तुमच्या भावाला मान वर करता येणार नाही. नोकरी सुटायला तेवढं पुरतं. आतली गोष्ट सांगतो. वसुली अधिकाऱ्याला थकबाकीदारापेक्षा बंद फोनची चीड असते. स्वतः चालत आला, अर्ज घेऊन आला, आणि "साडेसहा झेपत नाही, तीन हजार देतो, दर महिन्याच्या दहा तारखेला" म्हणाला, तर त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते. अर्जात आजारपणाचा उल्लेख करा, डॉक्टरांच्या केसपेपरची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. मार्चअखेरच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा त्यांच्या डोक्यावर एनपीएचं (थकीत कर्जांच्या आकड्याचं) भूत असतं आणि समोरच्याला सगळी रक्कम हवी असते. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत बोलणं सोपं जातं.

गटाचं कर्ज भावजयीच्या नावावर आहे, पैसे वापरले भावाने, आणि तोंड तिला द्यावं लागतं, कारण हप्ता चुकला की गल्लीतल्या बाकीच्या बायका दारात येतात. आधी पासबुक बघा, बँकेचा बचत गट आहे की फायनान्स कंपनीचा. फायनान्सचा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही, दमदाटी, शिवीगाळ करायची नाही. शिवाय घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमच्या घरात ती मर्यादा ११ हजार होते आणि ती कधीच ओलांडलेली आहे. म्हणून जुना हप्ता भरायला तिला दुसऱ्या गटात घालायचा विचार घरात कुणी केला तर तुम्ही आडवे पडा. गटाचा हप्ता कमीत कमी त्रासात पूर्ण भरत राहा. तिची पत हीच या घराची शिल्लक पत आहे.

भावजयीला हेही सांगा की नवऱ्याच्या ज्या कर्जावर तिची सही नाही, ना सहकर्जदार म्हणून ना जामीन म्हणून, ते तिच्याकडून मागता येत नाही. फोनवर वसुलीची पोरं उलटंच सांगतात.

सोनेतारणाचं व्याज या सगळ्यांत स्वस्त. म्हणून ते फेडायची घाई नको, पण लिलावाची नोटीस येऊ द्यायची नाही. वेळच्या वेळी व्याज भरून नूतनीकरण करत राहायचं. दागिने सोडवाल तेव्हा ते तिच्या हातात द्या आणि तिच्या माहेरी किंवा लॉकरला जाऊ देत.

ॲपचं प्रकरण वेगळं. दोन्ही ॲपच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) आहे का ते आधी बघा. असेल तर ते कर्जच आहे, फेडायचं आहे, पण वसुली एजंटला सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत संपर्क करता येतो. कंपनीने तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते. नोंदलेली कंपनीच नसेल आणि फोटो मॉर्फ करून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी येत असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, १९३० वर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा, आणि एक रुपयाही देऊ नका, कारण दिलं की मागणं वाढतं. दोन्ही प्रकारांत ॲपच्या कॉन्टॅक्ट आणि गॅलरीच्या परवानग्या बंद करा. ही कर्जं बहुतेक रात्री अकरानंतर, दोन पेग झाल्यावर, चार बटणं दाबून घेतलेली असतात. म्हणून रात्री मोबाईलवर इंटरनेट बंद ठेवायचं त्यानेच कबूल केलं तर ते औषधाइतकंच काम करतं.

हातउसने पैसे शेवटी. उसने देणाऱ्यांतले निम्मे त्याचे पिणारे दोस्त असतील. त्यांना पैसे द्यायला त्याला पाठवू नका, घरून ऑनलाइन पाठवा. उसने परत करायला गेलेला माणूस रात्री उशिरा, तेच पैसे संपवून आल्याची उदाहरणं गल्लोगल्ली सापडतील.

इथवरचं सार एवढंच: डॉक्टर आधी, वही लगेच, नवीन सही कुठेच नाही.

पगाराचं काय करायचं हे नाजूक आहे. घरचे सहसा एटीएम काढून घेतात आणि चहाचे पैसेही मोजून देतात. मग माणूस चोरून उसने घेतो. मी असं सुचवतो की पगाराच्या तारखेला हप्ते आपोआप जातील अशी सोय करा, घरखर्च भावजयीच्या खात्यात वळवा, आणि पेट्रोल-चहाला ठरलेली रक्कम दर आठवड्याला त्याच्या हातात राहू द्या. हे सगळं त्याच्या संमतीने, वहीत लिहून, सहा महिन्यांसाठी. पतसंस्थेचा हप्ता मात्र त्याने स्वतः जाऊन भरावा आणि पावती स्वतः वहीला लावावी. तीन वर्षं ज्या काउंटरसमोरून तो तोंड लपवून गेला, तिथे पावती घेऊन उभं राहणं हाही उपचाराचा भाग आहे. पगाराचा दिवस, त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, दिवाळी बोनस आणि उसाचं बिल जमा होण्याचा दिवस हे घसरण्याचे दिवस. त्या दिवशी शिफ्ट सुटताना गेटवर तुम्ही असा, किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या) सभेला त्याच्याबरोबर जा.

तो एकदा तरी घसरेल असं धरून चाला. घसरला म्हणून हप्त्यांची योजना मोडायची नाही, औषध सोडायचं नाही, आणि जुनी वही डोक्यात घालायची नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. एवढंच.

राहिली जमीन. वडिलोपार्जित असेल तर बहिणींचाही हिस्सा आहे, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला, तेव्हा सह्या लागतील. वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर निर्णय त्यांचा. भाऊ सहा-आठ महिने कोरडा राहिला, हप्ते स्वतः भरले, आणि तरीही व्याजापुढे मुद्दल हलत नसेल, तर काही भाग विकण्याचा विचार मला पटेल. तोवर सावकाराचं उरलेलं मुद्दल निकाली काढायला घरातून थोडी रक्कम लागली तर ती द्या, पण भावाच्या हातात रोख नको, सरळ समोरच्याच्या खात्यात, आणि चेक-स्टँप परत घेतल्याशिवाय नाही.

वडिलांना "विकू नका" म्हणालात तर ते ऐकणार नाहीत, त्यांना वाटेल तुम्ही हिस्सा वाचवताय. त्यापेक्षा सहा महिन्यांची मुदत मागा आणि वही त्यांच्यासमोर दर महिन्याला उघडा. सीपीआरला सकाळी लवकर निघा, आधारकार्ड घ्या, पूर्वीचे रिपोर्ट असतील तर घ्या, आणि निघण्याआधी त्याने थोडी घेतली असेल तर त्यावरून वाद घालून परत फिरू नका, तशाच अवस्थेत घेऊन जा. पतसंस्थेच्या अर्जाचा मजकूर हवा असेल तर कर्जाची तारीख आणि थकलेले हप्ते कळवा, लिहून देतो.